करवत कुठली घेऊ?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात शेवटी देणार आहे.

झाडांच्या छाटणीचा स्वतःचा धंदा सुरू करू पाहणारा कुणीही भेटला की तो पहिल्यांदा करवतीचं विचारतो. कंपनी कुठली, बार (साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी) किती इंचाचा, पेट्रोलवरची घेऊ की बॅटरीवरची? मी त्याला उलट विचारतो, ‘फांदी खाली आल्यावर तिचं काय करणार?’ बहुतेक जण या प्रश्नाला हसतात. पहिल्या वर्षी मीही हसलो असतो.

त्या वर्षी एका घराच्या मागच्या अंगणातलं मोठं झाड उतरवायचं काम मिळालं. मान वर करून शेंडा बघितला, बुंधा कवेत मावतो का ते पाहिलं आणि एका दिवसाचा हिशेब धरून आकडा सांगून टाकला. झाड खरंच दुपारपर्यंत खाली आलं. घराच्या कडेची बोळ मात्र मी बघितलीच नव्हती. दोन हात रुंद, मध्ये काटकोनात वळण. पाल्यासकट फांदी त्यातून जाईना, म्हणून प्रत्येक फांदी पुन्हा तोडायची, मोळी बांधायची, खांद्यावरून न्यायची. ओंडके तर एकेक करून लोटत नेले. अर्ध्या दिवसाच्या कापणीमागे अडीच दिवसांची ओढाताण झाली, आणि हिशेबाबाहेरच्या दोन दिवसांची मजुरी माझ्या खिशातून गेली.

तेव्हापासून काम बघायला गेलो की झाडाकडे सगळ्यात शेवटी बघतो. आधी गाडी कुठवर येते ते बघतो. मग वाट किती रुंद आहे, पायऱ्या आहेत का, माल कुठे रचायचा आणि कुठे टाकायचा. झाडाखाली काय आहे: काच, पत्रा, कुंपण, जमिनीतली पाइपलाइन? (एकदा वरून टाकलेल्या ओंडक्याने मातीखालचं चेंबरचं झाकण फोडलं होतं. वरून नुसतं गवत दिसत होतं.) विजेची तार जवळ असेल तर पुरवठा बंद करून मिळाल्याशिवाय मी चढत नाही, मग फांदी तारेला टेकलेली असो वा नसो. झाड नक्की कुणाचं, हेही तोंडावर विचारून घ्यायचं. बुंधा एकाच्या हद्दीत आणि फांद्या दुसऱ्याच्या, असं असेल तर दोघांशी बोलल्याशिवाय करवत बाहेर काढायची नाही. परवानगी लागत असेल तर तो कागद आपल्या डोळ्यांनी बघायचा. ‘ते मी बघतो, तुम्ही करा सुरू’ म्हणणारं गिऱ्हाईक नंतर फोन उचलत नाही. घरटं असेल तर तारीख पुढे ढकलायची.

दर एका ओळीत कधीच देऊ नका. ‘झाड छाटून देणे’ असं लिहिलंत तर तुमच्या मनातली छाटणी एक आणि त्यांच्या मनातली दुसरी. कुठल्या फांद्या काढणार, किती जाडीपर्यंत, लाकूड कोण नेणार, खुंट राहणार की जाणार, हे सगळं लिहा आणि आदल्या दिवशीचे फोटो काढून ठेवा. कुंपणाची मोडलेली पट्टी आधीपासूनच मोडलेली होती, हे फोटोशिवाय कुणी मानत नाही.

आकडा काढायची माझी पद्धत साधी आहे. सगळी टोळी एक दिवस बाहेर पडली की मला किती खर्च येतो, ते मी काढून ठेवलं आहे. त्यात मजुरी, इंधन, गाडी, विमा आणि अवजारांची झीज धरली आहेच, शिवाय वाऱ्यापावसाने घरी बसावं लागतं ते दिवसही धरले आहेत. हे बसलेले दिवस नवे लोक धरत नाहीत आणि वर्षाच्या शेवटी पैसे गेले कुठे म्हणून कपाळाला हात लावतात. मग कामाला किती दिवस लागतील ते मोजायचं. ओढायचा वेळ कापायच्या वेळेपेक्षा जास्तच धरायचा. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा पहिल्या कामाच्या आधी काढायचा, दुसऱ्याच्या नाही. फांद्यांचा भुसा करणारं यंत्र आणि उंचावर नेणारी पाळण्याची गाडी भाड्याने आणा. दारात उभं राहिलेलं यंत्र हप्ते मागत राहतं, आणि ते हप्ते भरायला मग माणूस नको ती कामं घेतो.

आता वजनाचं. अर्धा मीटर जाडीचा आणि एक मीटर लांबीचा ओंडका बघून माणसाला वाटतं, दोघं मिळून उचलू. ओलं लाकूड पाण्याइतकं जड धरून चालायचं. तसा हिशेब केला तर तो ओंडका जवळपास २०० किलो भरतो. तोच दोरावर घेताना हातभर जरी मोकळा पडला, तरी दोराला आणि वरच्या बेचक्याला बसणारा हिसका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट होतो. म्हणून तुकडे लहान करायचे आणि खालच्या माणसाने दोर घर्षणावर हळूहळू सोडत न्यायचा, एकदम अडवायचा नाही. हे काम ज्याला जमतं त्याला मी चढणाऱ्याइतकीच मजुरी देतो. माझ्या जोडीदाराला सुरुवातीला ते पटत नव्हतं. ‘अरे, तो खाली तर उभा असतो,’ म्हणायचा. एकदा त्याला स्वतःला दोरावर उभं केलं, मग विषय निघाला नाही.

आणि एकट्याने चढायचं नाही. खाली माणूस आहे एवढ्यावर भागत नाही. त्याला वर चढून तुम्हाला उतरवता आलं पाहिजे, आणि त्याच्यासाठी दुसरा हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) व दोर तिथेच हाताशी हवा. बेशुद्ध माणूस हार्नेसमध्ये लटकून राहिला तर काही मिनिटांतच जिवावर बेतू शकतं. आम्ही मधूनमधून सुटकेचा सराव करतो, आणि कंटाळा आला असेल त्या दिवशी तर हमखास करतो. वर यंत्राची करवत चालू करायच्या आधी माणूस दोन ठिकाणी अडकलेला हवा, मुख्य दोराने आणि कमरेच्या पट्ट्याने. चालती साखळी टेकली की ताणलेला दोर टिकत नाही. चढायच्या आधी बुंध्याभोवती फिरायचं, मुळाशी अळंबी उगवली आहे का बघायचं, लाकडी हातोड्याने ठोकून आवाज ऐकायचा. पोकळ वाजलं तर त्यावर लटकायचं की नाही, हे खाली उभं असतानाच ठरवायचं.

झाडाबद्दल थोडं बोलतो, कारण गिऱ्हाइकाशी खरे वाद इथेच होतात. ॲलेक्स शायगो नावाच्या अमेरिकी वनस्पतिरोग-शास्त्रज्ञाने चेनसॉने, म्हणजे यंत्राच्या करवतीने, हजारो खोडं उभी चिरून आतली कूज कशी पसरते ते पाहिलं आणि १९७७ साली सहकाऱ्यासह ते मांडलं. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड त्या भागाभोवती भिंती घालतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं. त्याच्या लगेच बाहेर कापलं तर झाड जखम बंद करू शकतं. खोडालगत सपाट कापलं तर ते कडंच जातं, आणि खुंटी लांब ठेवली तर ती वाळून कुजते. जड फांदी असेल तर आधी थोडं लांब, खालच्या बाजूने काप द्यायचा, मग त्याच्याही पुढे वरून कापून वजन उतरवायचं आणि शेवटी कड्याशी नीट काप घ्यायचा. नाहीतर फांदी मोडताना खोडाची साल हातभर सोलून नेते. कापावर रंग किंवा डांबर फासून कूज थांबत नाही. तरी लोक मागतात. मी नाही म्हणतो, आणि का नाही ते दोन वाक्यांत सांगतो.

‘वरून सपाट करून टाका’ हे काम मी घेत नाही. शेंडा उडवला की त्या खुंटांवरून कोंब भराभर फुटतात, त्यांची पकड वरवरची असते आणि खाली कूज उतरत जाते. काही वर्षांनी तेच झाड जास्त धोकादायक होतं. त्याऐवजी थोड्या फांद्या निवडून विरळ करू, पाव हिश्श्याहून अधिक पालवी काढायची नाही, असं मी सुचवतो. काही जण ऐकतात. बाकीचे दुसऱ्याकडून करून घेतात, आणि ती कामं हातून जातात. पहिली दोन वर्षं हे फार जड गेलं, खोटं कशाला बोलू!

आता करवत. जमिनीवरच्या कामाला मध्यम आकाराची एक, आणि झाडावरच्या कामाला वरून मूठ असलेली छोटी एक. ही छोटी फक्त वर, तीही शिकलेल्या हातात. खाली ती एका हाताने चालवायचा मोह होतो, आणि बारच्या टोकाची वरची बाजू कशाला टेकली की करवत उसळून थेट तोंडाकडे येते. कंपनी तीच निवडा जिचे सुटे भाग आणि दुरुस्ती तुमच्या जवळ मिळते. तीन-चार साखळ्या जादा ठेवा आणि कानस चालवायला शिका. भुग्याऐवजी लाकडाचं पीठ पडायला लागलं की धार गेली. करवतीच्या आधी हेल्मेट, कानांचं व डोळ्यांचं संरक्षण आणि चेनसॉची खास पँट घ्या. त्या पँटमधले लांब धागे ओढले जाऊन साखळीचं चाक अडवतात. आणि एक चांगली, घडीची हातकरवत घ्या. वर गेल्यावर माझ्या हातात दिवसभर जास्त वेळ तीच असते.