पाय मोडलेली अक्षरं

डिचोलीच्या बसस्टँडवर उतरल्या उतरल्या माझ्या सहा वर्षांच्या लेकाने रोमन अक्षरांतली पाटी बोट दाखवून मोठ्याने वाचली, "बि-चो-लिम." खाली चिबूड विकायला बसलेली बाई हसली. "लिम न्हय रे पुता, दिवचल हें." त्याच पाटीवर देवनागरीत डिचोली लिहिलेलं. गाव एक, नावं तीन. पोराने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्याला फसवलंय.

चूक त्याची नव्हती. इंग्लंडमधल्या स्विंडनच्या शाळेत दोन वर्षं शिकलेलं त्याने इमानदारीत वापरलं. आपल्या गोव्यातल्या पाट्यांचं रोमन स्पेलिंग पडलं पोर्तुगीज वळणाचं. केपें गावाचं स्पेलिंग त्याने 'क्वेपेम' वाचलं, कारण इंग्रजीत क्यू-यू म्हणजे 'क्व'. पोर्तुगीजांत ई आणि आयच्या आधी तो नुसता 'क', आणि शेवटचा एम म्हणजे नाकातला अनुस्वार. हे त्याला कुणी शिकवणार? मलाही तिथे बसस्टँडवर समजावता आलं नाही. चिबूड घेतला आणि रिक्षा केली.

तिकडे पोर चार वर्षांचं झालं की 'रिसेप्शन' नावाच्या वर्गात बसतं. मला वाटलं होतं, एबीसीडीचं गाणं असेल. पण सुरुवातीला शिकवली ती सहाच अक्षरं : एस, ए, टी, पी, आय, एन. तीही नावाने नाही, आवाजाने. याच पद्धतीला फोनिक्स म्हणतात. स्, ॲ, ट्, प्, इ, न्. एवढ्यावर सॅट, पिन, टॅप, नॅप, टिन असे कितीतरी शब्द जुळतात, आणि पोराला पहिल्या महिन्यातच वाटायला लागतं की आपल्याला वाचता येतं. अक्षरं २६ आणि आवाज ४४च्या आसपास, तेव्हा पुढे दोन-तीन अक्षरं मिळून एक आवाज, हे प्रकरण सुरू होतं. ते बरंच लांबतं.

माझी आई डिचोलीकडच्या मराठी सरकारी शाळांत प्राथमिक शिक्षिका होती. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "मग आम्ही ग म भ न काय उगाच करत होतो?" खरंच की. क ख ग घ पाठ करायला. लिहायला मात्र ग म भ न, कारण ती अक्षरं एकातून एक वळतात. शिवाय त्यात मन येतं, नभ येतं, गमनसुद्धा येतं.

स्विंडनच्या बाईंनी पहिल्याच पालकसभेत माझी चूक दाखवली होती. मी घरी 'बऽ', 'टऽ' असं शिकवत होते. त्या म्हणाल्या, शेपूट कापा. 'बऽ-ॲ-टऽ' भराभर म्हटलं तरी बॅट होत नाही, काहीतरी 'बअॅटअ' होतं, आणि मूल गोंधळतं. आपल्या जिभेला क म्हटलं की त्यातला अ आपोआप येतो, तो काढायचा कसा? आई सोप्यावर भाजी चिरता चिरता ऐकत होती. "म्हणजे त्यांची सगळी व्यंजनं पाय मोडलेली," ती म्हणाली. दोन वर्षांत मला हे इतक्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं.

पहिलीत जूनमध्ये त्यांची एक तपासणी असते, २०१२ पासून सगळ्या इंग्लंडभर. ४० शब्द, एकेका मुलाने बाईंसमोर बसून वाचायचे. त्यातले २० शब्द खोटे, म्हणजे ज्यांना अर्थच नाही असे, शेजारी एका विचित्र प्राण्याचं चित्र. पाठांतर चालू नये म्हणून ही युक्ती. आईला ते मुळीच पटलं नाही. "अर्थ नसलेलं वाचायचं कशाला?" मी वाद घातला नाही, पण केपेंची पाटी आठवली. पोराला तोही एक विचित्र प्राण्याचाच शब्द होता.

इथे आता गल्लोगल्ली 'फोनिक्स' क्लास निघालेत. माझी भाची अशाच एका क्लासला जाते, फी दणदणीत आहे. तिला 'बऽ बऽ बॉल' ची गाणी छान येतात, हातवारेसुद्धा. मी कागदावर तीन अक्षरी शब्द लिहून दिला तर तिने तिन्ही आवाज वेगवेगळे म्हटले आणि थांबली. जोडायचं असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. फोनिक्स म्हणजे गोऱ्यांसारखे उच्चार, असं नातेवाइकांनी धरून ठेवलंय. फोनिक्स आवाज जोडायला आणि तोडायला शिकवतं. वाचताना जोड, लिहिताना तोड.

तीन आठवडे आईने नातवाला सोप्यावर घेऊन पाटीवर मराठी शिकवलं. मला वाटलं होतं दोन्हीची खिचडी होईल. पण तो भराभर वाचायला लागला. अडला तो 'किरण'वर. डावीकडून उजवीकडे जायचं हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं, आणि इथे इकार क च्या आधी उभा! "आधी दिसतो, मग मागून का म्हणायचा?" त्यावर आईकडेही उत्तर नव्हतं. त्यानेच शोधलं. इंग्रजीत शब्दाच्या शेवटचा 'ई' मागे जाऊन आधीचा स्वर बदलतो, त्याला ते 'मॅजिक ई' म्हणतात. "हा मॅजिक इ, पण उलटा," असं म्हणून तो पुढे गेला.

आई म्हणायची, आपलं जसं लिहितो तसंच बोलतो. ते मात्र खरं नाही. एकदा चहा पिता पिता 'चहाचा चमचा' म्हणून बघा. पहिला च एका तऱ्हेचा, पुढचे तिन्ही दुसऱ्याच, अक्षर मात्र एकच. आपल्याला जाणवत नाही, कारण ते शब्द आपण आधीच ऐकलेले असतात.

स्विंडनला परत आल्यावर त्याने आजीला पत्र लिहिलं. पाय मोडायची गंमत त्याला फार आवडलेली, जिथे तिथे मोडतो. चिबूड ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून बरोबर लिहिलेला. शेवटी : "आजी, माझा त्‌समत्‌सा तुझ्याकडे राहिला."

आईने फोनवर दोनदा वाचून दाखवलं. मी म्हटलं, दुरुस्त करून पाठव. ती म्हणाली, "चुकलं कुठे, ते तरी सांग आधी."