दिवे घाट चढताना

पुणे ते सासवड हा माउलींच्या पालखीचा सगळ्यांत दमवणारा टप्पा. तीसेक किलोमीटरची चाल, त्यात दिवे घाट, आणि एकादशी असल्यामुळे पोटात भगर-शेंगदाणे. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि देव मानत नाही. मावशीच्या दिंडीत शिरले ती तिच्या गुडघ्यांच्या काळजीपोटी.

वडकीला विसावा झाला तेव्हा माझ्याच टाचेला फोड आला होता. मावशी ठणठणीत! घाट लागला तशी पुढच्या विणेकऱ्यांनी अभंगाची चाल बदलली, टाळ एका ठेक्यात पडू लागले आणि माझी पावलंही नकळत त्यात बसली. फोड होता तिथेच होता, पण त्याचं दुखणं जाणवेना. घसा भरून आला तेव्हा मात्र मी दचकले. हे काय चाललंय?

उत्तर मीच वर्गात सांगते. ऑक्सफर्डच्या वल्हेकऱ्यांवर २०१० साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सारखीच मेहनत, एकदा एकट्याने आणि एकदा चमूसोबत एका लयीत. चमूसोबत वल्हवल्यावर त्यांची वेदना सोसण्याची ताकद जास्त वाढलेली दिसली. त्यावरून एंडॉर्फिन, म्हणजे शरीर स्वतःच तयार करतं ते वेदना कमी करणारं रसायन, वाढलं असावं असा अंदाज बांधला गेला. ते थेट मोजलं नव्हतं, एवढं सांगायलाच हवं. स्पेनमधल्या सान पेद्रो मान्रिके गावात निखाऱ्यांवरून चालण्याची प्रथा आहे. तिथे तर चालणाऱ्याच्या आणि काठावर उभ्या नातलगांच्या हृदयाचे ठोके बरोबरीने चढत-उतरत होते. परक्या प्रेक्षकांचे नाही.

"बोलत बसलीस तर मागं पडशील," मावशी म्हणाली.

मग चालता चालता मनातल्या मनात. माणसाला अध्यात्माकडे ओढणारं 'देवाचं जनुक' सापडल्याचा डंका डीन हेमर या अमेरिकी संशोधकाने २००४ साली पिटला, त्याचा पुरावा मला तेव्हाही तकलादू वाटला. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा मिनेसोटातला अभ्यास जास्त भक्कम. धर्माची ओढ कुणाला कमी, कुणाला जास्त, या फरकातला साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा, असं त्यात १९९० साली निघालं. पण ही ओढीची गोष्ट झाली, कुठल्या देवाची ते त्यात नाही. प्रयागच्या माघ मेळ्यात महिनाभर थंडीत, गोंगाटात राहिलेल्या कल्पवासींना परतल्यावर घरी राहिलेल्यांपेक्षा जास्त बरं वाटत होतं, हेही संशोधकांनी नोंदवलंय. मला यात देवापेक्षा माणसांची सोबत दिसते. शरीरात मूळ असेल तर ते या सोबतीचं आणि ठेक्याचं. श्रद्धा बहुधा पायांच्या मागून येत असावी. सासवडच्या तळावर एका अनोळखी आजींनी न विचारता माझ्या पायांना तेल चोळलं. मी नास्तिक आहे हे त्यांना सांगावंसंही वाटलं नाही.

पुढचा मुक्काम जेजुरी. पालखी पोचली आणि भंडारा उधळला गेला. जन्मभर विठ्ठल-विठ्ठल करणारी मावशी 'यळकोट यळकोट' ओरडत होती, डोळ्यांत तेच पाणी. बघ, मी म्हटलं, गळा भरून येतो तो शरीरामुळे, नाव कुणाचं घ्यायचं ते आईबापांकडून, गावाकडून येतं. तिला काडीचंही पटलं नाही. आधी पंढरपूरपर्यंत चाल, मग बोल, म्हणाली. मी जेजुरीहून एसटी धरली, दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होतं.