कुठला राजा?

"राजाची तलवार कुठाय?"

नातूबागेतल्या त्या इमारतीत शिरल्यापासून माझ्या मुलाने हे दहा वेळा तरी विचारलं असेल. चूक माझीच. आदल्या रात्री 'म्युझियम बोअर असतं' म्हणून तो फुगून बसला होता, तेव्हा मीच म्हटलं होतं, "अरे, राजा केळकर संग्रहालय आहे ते. राजा!" पुढचं सिंहासन आणि मुकुट त्याने आपल्या मनाने जोडून घेतलं.

आम्ही बिल्डिंगमधली चार घरं, सात पोरं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. ग्रुपवर साडेनऊ ठरलं होतं, निघालो अकराला, कारण एका घरी इस्त्रीवाल्याने कपडेच आणून दिले नव्हते. पिंपरीहून मंडईपर्यंत मेट्रोने गेलो, दिवसभरातला तेवढा एकच शहाणपणा. शिवाजीनगरच्या अलीकडे गाडी जमिनीखाली शिरली तेव्हा पोरांनी जो गलका केला, तेवढं कौतुक नंतर पेशव्यांच्याही वाट्याला आलं नाही. मंडईतून बाजीराव रस्त्याकडे चालताना एक चप्पल तुटली आणि दोन भांडणं झाली.

आत गेल्यावर आमचे बाबालोक फोन काढून भिंतीला टेकले आणि जेवायला कुठे जायचं यावर त्यांची बैठक बसली. पोरांना गोळा केलं ते काकूंनी. त्या माहेरच्या सदाशिव पेठेतल्या, त्यामुळे त्यांच्या लेखी आम्ही सगळेच पाहुणे. अडकित्त्यांच्या कपाटासमोर त्या थांबल्या. कुणालाच ओळखता येईना. एकीचा अंदाज होता, नखं कापायचं यंत्र. काकूंनी डाव्या हाताच्या चिमटीत नसलेली सुपारी धरली, उजवी मूठ दाबली आणि तोंडाने 'कट्' असा आवाज काढला. मग काय, सातही पोरं कपाटासमोर ओळीने उभी राहून हवेतल्या सुपाऱ्या फोडायला लागली. पुढे पितळी वज्र्या होत्या. "माझ्या सासूबाई रोज अंघोळीला टाचा घासायच्या असल्याने," काकू म्हणाल्या. "पेडिक्युअर!" इति आठवीतली मुलगी. काकूंना शब्द कळला नाही, पण पटल्यासारखी मान हलवली.

मला हे संग्रहालय आवडतं ते यासाठीच. तलवारी असतील कुठेही, पण दिवे, दौती, स्वयंपाकघरातली भांडी, दाराच्या चौकटी इतक्या मायेने कोण मांडून ठेवतं? दिनकर केळकरांचं चष्म्यांचं दुकान होतं, 'अज्ञातवासी' नावाने ते कविता करायचे. १९२० च्या सुमाराला त्यांना हा जुन्या वस्तूंचा नाद लागला आणि तो २०,००० वस्तूंच्या वर गेला. १९७५ साली सगळं सरकारला देऊन टाकलं. मांडायला जागा पुरत नाही, त्यामुळे आपण बघतो तो त्यातला थोडासाच भाग.

बाहुल्या-खेळण्यांपाशी मुलगा पुन्हा सुरू झाला. "पण राजा कुठला? शिवाजी महाराजांच्या आधीचा की नंतरचा?"

"राजा हा केळकर आजोबांचा मुलगा होता," मी म्हटलं. "छोटा मुलगा."

"मग आता मोठा झाला असेल ना?"

मी सरळ विषय बदलला. "तो बघ, तो बघ, हत्ती!" असं काहीतरी. तिथे हत्ती होता की नाही हेही मी पाहिलं नव्हतं.

काकू शेजारीच होत्या. "मोठा नाही झाला रे बाळा," त्या म्हणाल्या. "सात वर्षांचा असतानाच गेला. म्हणून त्याच्या बाबांनी या सगळ्याला त्याचं नाव दिलं."

खरं सांगते, त्या क्षणी मला काकूंचा राग आला. सुट्टीच्या दिवशी, बाहुल्यांसमोर, हे कशाला?

"मी सात वर्षांचा आहे," तो म्हणाला.

"माहितीये मला. तुझ्या वाढदिवसाला शिरा मीच केला होता की."

त्याने थोडा वेळ काचेला नाक लावलं. मग विचारलं, "ही खेळणी त्याची?"

"नाही. ही त्याच्या बाबांनी गावोगाव फिरून आणलेली." बास, एवढंच. ना काकू रडल्या, ना हा. घाम फुटला होता तो मला.

मस्तानी महालात पोरांना आइस्क्रीमवाली मस्तानी मिळेल असं वाटत होतं. बाजीरावांनी कोथरूडला बांधलेल्या महालाचे अवशेष आणून ही खोली उभी केली आहे, हे मी सांगेपर्यंत ती जिन्यापर्यंत पोचलीसुद्धा. मग बाहेर पडून सगळ्यांना खरी मस्तानी पाजावी लागली. जेवणाचं बाबालोकांचं तोवरही ठरलेलं नव्हतंच.

परतीच्या गाडीत उभं राहायलाही जेमतेम जागा होती. मुलगा काकूंच्या मांडीवर अर्धा बसला होता, अर्धा लोंबकळत होता.

"आजी, राजा सुपारी खायचा?"

"छे! एवढ्याशा पोराला कोण देतंय सुपारी?"

"मग एवढे अडकित्ते?"

"ते त्याच्या बाबांना आवडायचे."

शिवाजीनगर गेलं, गाडी पुन्हा उजेडात आली. पोरं पुन्हा ओरडली, हा तेवढा गप्प.

"सायकल नव्हती तिथे," तो म्हणाला. "मी सगळीकडे बघितली."