आलेखाचं शेवटचं टोक

आज दिवसभर गोवरच्या आकड्यांसमोर बसून होते. देशभरातून आलेल्या साप्ताहिक नोंदींचा आलेख काढला, तर शेवटच्या दोन आठवड्यांत रेघ एकदम खाली. शेजारची नवी सहकारी हरखली, "ताई, साथ ओसरली!" पहिल्या वर्षी मलाही असंच वाटायचं.

ओसरली नव्हती. अंगावर पुरळ उठतं, मग डॉक्टर, मग नमुना प्रयोगशाळेत, मग निकाल, मग नोंद. यात दिवस जातात, म्हणून आलेखाचं ताजं टोक नेहमी खरं आहे त्यापेक्षा कमीच दिसतं. नोंदीची तारीख बाजूला ठेवून पुरळ उठल्याच्या तारखेने आकडे मांडले, उशिरा येणाऱ्या नोंदींचा अंदाज धरला, मागच्या 5 वर्षांतल्या याच आठवड्यांशी ताडून पाहिलं. चढ स्वच्छ दिसला. गोवरचा एक रुग्ण, लस न घेतलेल्या लोकांत, 12 ते 18 जणांना आजार देऊ शकतो. तिथे दोन आठवडे गाफील राहणं परवडतच नाही.

एका ओळीपाशी मात्र हात थांबला. वय 7 महिने. लसीचा रकाना रिकामा. रिकामाच असणार, इतक्या लहान वयात नेहमीचा पहिला डोस मिळालेलाच नसतो. अशा बाळाला वाचवते ती भोवतालच्यांची लस. दोन्ही डोस 95 टक्के लोकांपर्यंत पोहोचायला हवेत, हा आग्रह त्यासाठीच.

आमच्यापर्यंत नाव येत नाही, येऊही नये. 'सद्यस्थिती' रकान्यात अजून 'दाखल' एवढंच आहे. सकाळी नव्या नोंदी आल्या की आधी तीच ओळ उघडणार आहे.