सध्या घरात फिलिपिन्सची गाणी चालू आहेत

परवा आई चटणीसाठी शेंगा फोडत बसली होती आणि माझा फोन शेजारीच स्पीकरवर चालू होता, तर ती म्हणली, हे तेलुगू गाणं नवीन आलंय का गं, शेजारच्या अक्कांकडं ऐकलं नाही कधी. म्हणलं आई हे तेलुगू नाहीये, फिलिपिन्सचंय. ती म्हणली असेल, पण तो आई म्हणतोय ना मधे? आणि खरंच म्हणत होता! ते गाणं होतं एसबी१९ ह्या तिथल्या पोरांच्या ग्रुपचं मापा. फिलिपिन्सच्या टागालोग भाषेत मापा म्हणजे नकाशा आणि मा अधिक पा म्हणजे आई-बाबा, एकाच शब्दात दोन्ही, आणि अख्ख्या गाण्याचा अर्थ एवढाच की आता तुम्ही काळजी करू नका, जरा विसावा घ्या, पुढचं मी बघतो. हे सांगितल्यावर आईनं शेंगा फोडायच्या थांबवल्या आणि म्हणली परत लाव. तीन वेळा ऐकलं तिनं.

मला या गाण्यांचा नाद लागला तो मावसबहिणीमुळं. ती दुबईला हॉस्पिटलात नर्स आहे आणि तिची रूममेट फिलिपिन्सची, वयानं मोठी. बहीण तिला आते म्हणते. पहिल्यांदा फोनवर ऐकलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी लांबच्या नात्यातली आत्या भेटली हिला तिथं, मग कळलं की त्यांच्यात थोरल्या बहिणीला आते म्हणतात, थोरल्या भावाला कूया. तर ह्या आते रोज स्वयंपाक करताना गाणी लावतात आणि बहीण त्याचे तुकडे मला रेकॉर्ड करून पाठवायची, मागं फोडणीचा आवाज, पुढं गाणं. त्यातलाच एक तुकडा मी शोधत शोधत गेले तो बेन अँड बेनचा निघाला, कथांग इसिप नावाचं गाणं. नऊ जणांचा बँड आहे, पाओलो आणि मिगेल बेंजामिन गिको हे जुळे भाऊ गातात आणि बँडचं नाव त्यांच्या त्या बेंजामिनवरूनच. व्हायोलिन आहे, तालवाद्यं आहेत, आणि शेवटाकडं सगळेच्या सगळे गायला लागतात तेव्हा मला भजनी मंडळ आठवतं, जिथं बुवा एक ओळ म्हणतो आणि मागची सगळी माणसं ती उचलून धरतात.

लोक विचारतात भाषा कळत नाही तर ऐकतेस कसं. मला ह्या प्रश्नाचंच नवल वाटतं, कारण मी सोलापुरात वाढले. आमच्या गल्लीत एका घरात तेलुगू, समोर कन्नड, कोपऱ्यावरच्या दुकानात दखनी आणि आमच्यात मराठी, आणि लहानपणी पूर्व भागात मैत्रिणीकडं गेलं की खाली मागाची खटाक खटाक आणि त्याच्यावर मात करायची म्हणून फुल आवाजात लावलेली तेलुगू गाणी. एक शब्द कळायचा नाही आणि सगळी गाणी पाठ होती. अजूनही त्यातली काही सुरू झाली की मी शब्द न चुकता म्हणते आणि अर्थ आजही माहीत नाही. न कळणाऱ्या भाषेतलं गाणं आवडायला आम्हाला वेगळं काही शिकावं लागत नाही.

पण टागालोगचं एक वेगळंच आहे, ती पूर्ण परकी पण वाटत नाही. पहिल्यांदा एका गाण्यात मुखा ऐकू आलं तेव्हा मी गाणं मागं घेऊन परत ऐकलं. मुखा म्हणजे चेहरा! मुख! मग आते तिकडून रोज एक शब्द सांगायला लागल्या आणि मी इकडं वहीत लिहून ठेवायला लागले. आसा म्हणजे आशा. गुरो म्हणजे शिक्षक. दिवाता म्हणजे देवता, त्यांच्याकडं डोंगरात झाडात राहणारी. मुत्या म्हणजे मोती, बान्सा म्हणजे देश, आणि तो आपल्या वंश शब्दातून गेलाय. शेकडो वर्षांपूर्वी व्यापाराच्या वाटेनं, मलय लोकांच्या मार्फत संस्कृत शब्द तिथपर्यंत पोचले, नंतर ३०० वर्षांवर स्पॅनिश लोकांचं राज्य आलं, त्यांचे शब्द मिसळले, मग अमेरिका आली, इंग्रजी मिसळली, आणि आज त्यांच्या एकाच गाण्यात हे सगळं सहज सापडतं. सगळ्यात आवडला तो महाल शब्द. त्याचा अर्थ प्रेम पण होतो आणि महाग पण. दोन्ही अर्थ माहीत झाल्यापासून कुठल्याही प्रेमगीतात तो शब्द आला की मी जरा थांबतेच.

एसबी१९ बद्दल लिहायलाच पाहिजे. पाच जण, पाब्लो, जॉश, स्टेल, केन आणि जस्टिन. २०१८ साली पहिलं गाणं आलं आणि फारसं कुणी विचारलं नाही. मग २०१९ मधे गो अप आलं, त्याच्या डान्स प्रॅक्टिसचा व्हिडिओ लोकांनी उचलून धरला आणि तिथून सगळं फिरलं. २०२१ ला अमेरिकेतल्या बिलबोर्ड म्युझिक अवॉर्डसाठी त्यांचं नामांकन झालं. कोरियन पद्धतीचं कडक ट्रेनिंग घेतलेली मुलं आहेत पण गाणी बरीचशी पाब्लो स्वतः लिहितो, आणि स्वतःच्या भाषेत लिहितो, म्हणून मला ती कुणाची नक्कल वाटत नाहीत. २०२३ चं गेंतो ऐका. गिंतो म्हणजे सोनं, गानितो म्हणजे असं, असंच, दोन्ही मिळून केलेला शब्द, आणि गाणं सगळं सोन्याच्या खाणीत राबून सोनं काढण्यावर. मी अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते, महिनाअखेरीला जीएसटीचं काम तुंबलं की कानात हेच असतं, तो ठेका मागाच्या ठेक्यावर असा काही बसतो की कुठला आवाज बाहेरचा आणि कुठला कानातला ते कळत नाही. मापाचं बेन अँड बेनबरोबर केलेलं बँड व्हर्जन पण आहे आणि माझ्या मते मूळ गाण्यापेक्षा तेच चांगलंय, मूळ गाणं रडवतं आणि हे जवळ बसवून घेतं.

बिनी ह्या मुलींच्या ग्रुपचं पॅन्ट्रॉपिको भाचीनं शिकून घेतलं, मला पण शिकवलं, गच्चीवर रोज संध्याकाळी चालू असतं. आठ मुली आहेत, भाचीला आठच्या आठ नावं पाठ. कप ऑफ जोचं मुल्तो मात्र रात्रीच ऐकायचं. बागियो ह्या डोंगरावरच्या गावातला बँड, मुल्तो म्हणजे भूत, निघून गेलेलं माणूस मनातून जात नाही त्याचं गाणं. माझे वडील गेल्यापासून अशी गाणी मी टाळत होते, हे नाही टाळलं.

आणि लोला अमोर ह्या बँडचं रेनिंग इन मनिला. हे मी एप्रिलमधे पहिल्यांदा ऐकलं, सात रस्ता चौकात रिक्षात बसून, दुपारी, पारा बेचाळीसच्या वर, रिक्षाच्या सीटला हात लावता येत नव्हता. गाणारा लांब गेलेल्या माणसाला विचारतोय की इथं मनिलात पाऊस पडतोय, तुला गारठा नाही का वाजत. ट्रम्पेटचा आवाज येतो मधेच, एकदम आनंदी चाल आहे, पण आतून आठवण. सोलापुरात पावसाची वाट बघणं काय असतं ते आम्हाला विचारा, त्यामुळं ज्यांच्याकडं पाऊस भरपूर आहे ते त्या पावसात कुणाची वाट बघतात हे ऐकून मला भरून आलं. ते गाणं मी बहिणीला पाठवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग नुसतं लिहिलं, इथं पाऊस नाही आणि तुम्ही पण नाही.

त्यानंतर आम्ही दोघींनी हॅलो लव्ह गुडबाय एकाच वेळी लावून बघितला, ती तिकडं मी इकडं. २०१९ चा पिक्चर आहे, हाँगकाँगला घरकाम करणारी मुलगी, कॅनडाला जायची धडपड, कॅथरिन बर्नार्डो आणि आल्डन रिचर्ड्स. घरासाठी बाहेर गेलेल्या बाईची गोष्ट, आणि कॅथरिन जेव्हा घरच्यांशी फोनवर बोलते तेव्हा चेहरा हसरा ठेवते, ते बघून मला बहिणीचे व्हिडिओ कॉल आठवले. आता मी तिला कशी आहेस असं घाईत विचारत नाही.

मराठीत म्हणाल तर दशावतार थेटरात बघितला, दिलीप प्रभावळकरांनी ऐंशी पार केल्यावर जे काम केलंय त्याला हात जोडावेत, बाकी पिक्चर मधे जरा लांबतो, पण ते पडद्यावर आले की लांबलेलं विसरायला होतं.

काल अजून एक कळलं. फिलिपिन्सचं राष्ट्रीय फूल सांपागिता, आणि सांपागिता म्हणजे आपला मोगरा. तिथं चर्चच्या बाहेर त्याच्या माळा विकतात. मी लगेच सिद्धेश्वराच्या देवळाबाहेर जाऊन गजऱ्याचा फोटो काढून पाठवला, आतेंनी उलट त्यांच्या आईचा जुना फोटो पाठवला, गळ्यात तीच माळ. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला जानेवारीत बहिणीबरोबर त्या पण येणारेत, सुट्टी मंजूर झाली. आईनं आत्ताच विचारून ठेवलंय की त्यांना कडक भाकरी चालेल का, आणि मापा गाणं त्या समोर बसून म्हणून दाखवतील का.