लागला का गं?

परवा दुपारी किल्ली फिरवली तर नुसतं ‘टक्’ झालं. एकदाच. पुढे काही नाही. डॅशबोर्डवरचे दिवे टवटवीत, रेडिओवर कुणीतरी खो-खो हसत होतं, पंखाही नेहमीसारखा घुरघुरत होता. घर भरलेलं आहे, माणसं जागी आहेत, फक्त दार उघडायला कुणी उठत नाही, असला प्रकार.

गाडी १७ वर्षांची आहे. छोटीशी, रंग एके काळी चंदेरी होता. इंजिनबद्दल माझी काही तक्रार नाही. इंजिन बिचारं सांगून-सवरून बिघडतं. धूर येतो, तेल गळतं, आवाज बदलतो. जुन्या लहान गाडीत छळते ती वीज. ती असते आणि नसते. आणि जिथे ती नसते, तिथे तिच्या नसण्याचं कारण कधीच नसतं.

‘टक्’चे प्रकार आता माझ्या कानांना पाठ आहेत. टकटकटकटक अशी माळ लागली तर बॅटरी उतरलेली. स्टार्टरचं, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरचं, सोलेनॉइड (तिचा विजेवरचा स्विच) ओढ घेतं, तेवढ्यात व्होल्टेज बसतं, ते सुटतं, पुन्हा ओढतं. एकच भरीव टक् आला तर मात्र बॅटरीवर लगेच आळ घेऊ नये. यावर कुणी ना कुणी शहाणा येऊन म्हणतोच, “दिवे लागतायत ना? मग बॅटरी ठीक आहे.” त्याला काय सांगणार? हेडलाइटच्या जोडीला नऊ-दहा अँपिअर पुरतात, रेडिओचं तर एखाद-दुसऱ्यावर भागतं. स्टार्टर शंभर-दीडशे मागतो. बोळातून सायकल गेली म्हणून ट्रक जाईल असं नाही.

तरी मी आधी बॅटरीकडेच गेले. ते सवयीने. शिवाय मला बॅटरीबद्दल उगाचच आदर आहे. शिसं आणि गंधकाम्लाची ही बॅटरी फ्रान्समध्ये गास्तों प्लांतेने १८५९ साली केली; कार्ल बेन्झने आपल्या गाडीचं पेटंट घेतलं १८८६ साली. म्हणजे बॅटरी गाडीपेक्षा २७ वर्षांनी थोरली. पुढे बराच काळ गाड्या समोरून हँडल मारूनच सुरू व्हायच्या. हँडल उलटं फिरलं की मनगटं मोडायची. १९१२ सालच्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा स्टार्टर आला आणि थोरलीच्या अंगावर हे आणखी एक काम पडलं. तेव्हापासून घरात काहीही बिनसलं की पहिलं नाव तिचंच.

बॉनेट उघडायच्या आधी मी हातातलं घड्याळ काढलं. हा माझा नेम आहे, आणि तो माझा नाही, बाबांचा आहे. धातूचा पट्टा चुकून प्लस आणि बॉडी यांच्यामध्ये आला तर क्षणात लाल होतो. बाबा बॉनेटपाशी आले की पहिल्यांदा घड्याळ उतरवायचे आणि माझ्या हातात द्यायचे. पाना लावताना आधी मायनस सुटायचा, मग प्लस. जोडताना उलटं, मायनस शेवटी. का, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मी बरीच वर्षं ते शास्त्र नसून शिस्त आहे असं समजत होते. मायनस सुटलेला असेल तर प्लसवरचा पाना बॉडीला लागूनही काही होत नाही, हे उघडं कारण मला खूप उशिरा सुचलं.

परवा घड्याळ द्यायला कुणी नव्हतं. सीटवर ठेवलं.

टर्मिनलवर पांढरा-हिरवट फुलोरा आलेला होताच. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून तो धुतला. सोडा फसफसताना बघायला मला आवडतं. तेवढा वेळ आपण काहीतरी दुरुस्त करतोय असं वाटतं. मीटर लावला, १२.५ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ दाखवते, म्हणजे हिची काहीच कुरकुर नव्हती. पाने आवळले. किल्ली फिरवली. टक्.

दिवे तेव्हाही जरासुद्धा मंद झाले नव्हते. ही खूण खरं तर पहिल्या झटक्यालाच लक्षात यायला हवी होती. बॅटरी किंवा टर्मिनल दोषी असेल तर किल्ली फिरवताच डॅशबोर्ड मिणमिणतो. इथे तो ऐटीत उजळलेला. पण मी सोडा फसफसवण्यात रमले होते.

मग मी नुसतीच सीटवर बसून राहिले. दार उघडं, एक पाय बाहेर. जुन्या गाडीत असं बसायचा एक मोठा फायदा म्हणजे जुनी दुखणी आठवतात. उजव्या दाराची काच मध्ये वर्षभर अशीच वागली. दार अर्धवट उघडलं की वर जायची, लावलं की नाही. दाराच्या बिजागरीपाशी रबरी नळीतून वायरींचा जुडगा जातो. दिवसाला चारदा दार उघडलं धरलं तरी १७ वर्षांत २४ हजारांच्या वर वेळा तो वाकला. तांबंच ते, एक दिवस तुटणारच. बाहेरून प्लास्टिक अखंड होतं, आतून तार तुटलेली. नंतर एकदा बॅटरी दर तीन दिवसांनी संपायला लागली. फोनवर व्हिडिओ सुरू करून तो डिकीत ठेवला आणि झाकण लावलं, तेव्हा कळलं की डिकीतला दिवा विझतच नाही. पाच वॅटचा एवढासा बल्ब, पण तो दिवसाला जवळजवळ दहा अँपिअर-अवर खातो, आणि आमच्या बॅटरीचा सगळा जीव ३५चा. अंधारात कुणी बघत नसताना तीन-तीन दिवस एकटाच जळत होता.

आणि ही दुखणी मेकॅनिकसमोर कधी म्हणजे कधी दिसत नाहीत. गाडी दारात उभी केली की सगळं सुरळीत. तो काच वर-खाली करून दाखवतो आणि माझ्याकडे ज्या नजरेने बघतो, ती मला माहीत आहे. मी मग “आत्तापर्यंत होत होतं हो” असं पुटपुटते. खरं तर यात गाडीची चूक नाही. रिलेमधला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचमधला, एखादा झाळलेला सांधा भेगाळलेला असतो. उन्हात तापला की सुटतो, सावलीत थंड झाला की पुन्हा चिकटतो. पण हे त्याला सांगायला लागलं की आपण आणखीच वेडे दिसतो.

बाबांना दाखवायची सोय होती, कारण बाबांचा विश्वास बसायचा.

लांबच्या प्रवासाला निघायचं असलं की आदल्या संध्याकाळी दिव्यांची तपासणी. अंधार पडायला लागलेला. बाबा आत, मी गाडीच्या मागे, त्यांचं घड्याळ माझ्या हातात. आधी इंडिकेटर. त्यावरचा ‘लागला, गेला, लागला, गेला’ हा विनोद सगळ्यांनाच माहीत असतो, पण आमच्याकडे तो चालायचा नाही. बाबांना आकडा हवा असायचा. मिनिटाला ६०च्या खाली नको, १२०च्या वर नको. मी तो सेकंदकाटा बघत मोजायचे. मनगटापेक्षा घड्याळ मोठं होतं, म्हणून मुठीत धरून. (एक बल्ब गेला की त्याच बाजूचा उरलेला दुप्पट घाईने मिचकायला लागतो, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. त्याचा शाळेत काही उपयोग झाला नाही.) मग शेवटी ब्रेकचे दिवे. बाबा पेडल दाबायचे आणि खिडकीतून आवाज यायचा, “लागला का गं?”

“लागला!”

एका संध्याकाळी मैत्रिणी पलीकडे खेळत होत्या. डाव माझ्याशिवाय सुरू झालेला. मी गाडीच्या मागे उभी होते आणि बघत मात्र तिकडे होते. “लागला का गं?” आलं, मी “लागला!” म्हटलं. “दोन्ही?” “दोन्ही!” घड्याळ त्यांच्या मांडीवर टाकलं आणि पळाले.

दुसऱ्या दिवशी वाटेत मागून एक गाडी आम्हाला येऊन टेकली. टेकलीच फक्त, बंपरला पोचा, आईचा डबा खाली, बाकी काही नाही. मागचा माणूस उतरला आणि तावातावाने म्हणाला, तुमचा डावा लाइट लागतच नाही, आधी तो बघा. बाबांनी मागे जाऊन पाहिलं. मी मागच्या सीटवर आईला चिकटून बसले होते. आई म्हणाली, “कालच तर तपासले होते ना?” बाबा म्हणाले, “फ्यूज उडाला असेल.” माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मला केवढं सुटल्यासारखं झालं. फ्यूज! रात्रीत उडाला असेल. म्हणजे संध्याकाळी लागतही असेल. कितीतरी वर्षं मी त्या फ्यूजच्या आडोशाला निवांत राहिले.

ही गाडी घेतल्यावर मी पहिल्यांदा स्वतः फ्यूजच्या डबीचं झाकण उघडलं. लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा विसाचा, मला तो रंगीत दातांचा जबडा फार आवडला. झाकणाच्या आतल्या बाजूला तक्ता होता. ब्रेक लाइट: एक फ्यूज. दोन्ही दिव्यांना मिळून एकच. तो उडाला तर दोन्ही जातात. एकटा डावा जातो तेव्हा बल्ब गेलेला असतो, नाहीतर अर्थिंग, म्हणजे विजेची परतीची जोडणी. फ्यूज कधीच नसतो.

झाकण हातात धरून मी बराच वेळ उभी होते.

बाबांना हे माहीत नव्हतं असं होऊच शकत नाही.

असो. अर्थिंगवरून परवाचं पूर्ण करते. गाडीत दिव्याकडे जाणारी वायर असते, पण परत येणारी बहुतेक वेळा नसते. परतीची वायर म्हणजे गाडीचा पत्राच. जिथे वायर पत्र्याला स्क्रूने पकडलेली असते तिथे पाणी जातं, गंज येतो, आणि विजेची परतीची वाट बंद होते. मग ती दुसऱ्याच्या घरातून वाट काढते. ब्रेक दाबावा तर इंडिकेटर मंद पेटतो, इंडिकेटर द्यावा तर टेल लाइट लुकलुकतो. नवशिके तेव्हा स्विच बदलतात, बल्ब बदलतात, शेवटी अख्खं वायरिंग बदलायला निघतात. जाणारी वायर सगळे तपासतात. परत येणारीकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण ती दिसतच नाही.

इंजिनचंही तेच. ते रबराच्या तुकड्यांवर टेकलेलं असतं, म्हणून त्याला बॉडीशी जोडणारी एक चपटी विणलेली पट्टी असते. स्टार्टर इंजिनला बसवलेला, त्यामुळे त्याचे दीडशे अँपिअर परत यायचे ते त्या पट्टीवरून. डॅशबोर्डला तिची गरज नाही, म्हणून तो ऐटीत. हे सगळं मला सुचलं ते क्लचच्या केबलला हात लागला तेव्हा. ती गरम होती. न चाललेल्या गाडीची केबल गरम का असावी? पट्टी गेली की वीज मिळेल त्या लोखंडातून परतते, कधी क्लचच्या केबलमधून, कधी अ‍ॅक्सिलरेटरच्या.

खात्री करायची पद्धत सोपी आहे. मीटरची एक टोचणी बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनला, आणि कुणीतरी किल्ली फिरवायची. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ठीक. अडचण त्या ‘कुणीतरी’ची. गाडीची वीज तपासणं हे मुळात दोन माणसांचं काम आहे. एकाने आत बसायचं, एकाने बाहेर बघायचं, आणि मध्ये ओरडायचं. मी शेवटी फोन बॉनेटखाली मीटरसमोर टेकवला, व्हिडिओ चालू केला, आत जाऊन किल्ली फिरवली, टक्, बाहेर येऊन पाहिलं. चार व्होल्ट. पट्टी हातात घेतली तर विणीचे दोन-तीन धागे उरलेले होते, बाकी हिरवा चुरा.

नवी पट्टी लावली. दोन्ही टोकांचा रंग पत्रा चमकेपर्यंत घासला. गाडी पहिल्या फेऱ्याला सुरू झाली, जणू काही झालंच नव्हतं.

फोन हातात होताच, म्हणून त्याच ओघात तो मागे एका विटेला टेकवून ठेवला आणि आत येऊन ब्रेक दाबला. सोडला. पुन्हा दाबला. मग घड्याळ हातात घालत घालत क्लिप पाहिली.

सुरुवातीला काहीच नाही, नुसता बंपर. मग आतून माझाच आवाज आला, “लागला का गं?” मी असं विचारल्याचं मला आठवत नाही. क्लिपमध्ये उत्तर नाही, लांबून कुठल्यातरी पाखराचा आवाज आहे तेवढा.

उजवा लागत होता. डावा नाही. दोनदा बघितलं.

बल्ब असेल. किंवा अर्थिंग. फ्यूज तर नाहीच.