रात्री गाडी लावता कुठे?

‘बाकी सगळं ठीक आहे हो, पण रात्री गाडी लावता कुठे?’ म्हापशाच्या बाजारात, पेट्रोल पंपावर, लग्नाच्या पंगतीत, आणि दर रविवारी फोनवर माझ्या थोरल्या बहिणीकडून हा प्रश्न येतोच. परवा एका भाचीनं विचारलं तेव्हा म्हटलं, आता एकदा लिहूनच टाकते.

आम्ही दोघं. हे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त, मी शाळेतून. कुडाळचं घर आहे, तिथे पुतण्या राहतो. आधार कार्डावरचा पत्ताही तोच. आम्ही मात्र तीन वर्षं गोव्यात एका जुन्या ट्रॅव्हलर व्हॅनमध्ये राहतो. आतलं फर्निचर ह्यांनी स्वतः केलं, आरटीओची परवानगी काढून. आरसी बुकात आता ‘कॅम्पर व्हॅन’ असं लिहिलेलं आहे. ते कागद लॅमिनेट करून ठेवलेत, कारण हवालदाराला वाटतं आत सामान भरून धंदा चाललाय. नंबर एमएच ०७, म्हणजे सिंधुदुर्गचा. गाडी दुसऱ्या राज्यात सलग 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथे पुन्हा नोंदवावी लागते. आम्ही दर महिन्या-दीड महिन्याला गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडून कुडाळला जातो, पुतण्याच्या घरी चादरी धुतो आणि परत येतो.

तर, लावतो कुठे. सगळ्यांना वाटतं मी ‘समुद्रावर’ म्हणेन. दार उघडलं की लाटा, हातात चहा. असे फोटो मीही पाहिलेत. खरं सांगायचं तर किनाऱ्यावर आम्ही फारसे राहतच नाही. एक म्हणजे कायदा. वाळूत गाडी उतरवता येत नाही, आणि 2019 पासून गोव्यात पर्यटनाच्या जागी उघड्यावर स्वयंपाक करायलाही बंदी आहे. ती योग्यच आहे असं माझं मत. लोक शेगडी मांडून, बाटल्या फोडून जायचे आणि काचा तिथेच राहायच्या. दुसरं म्हणजे खारा वारा. पहिल्या हिवाळ्यात केरीला सुरूच्या झाडांजवळच्या रस्त्यावर दहा दिवस राहिलो. पुढच्या महिन्यात ह्यांनी गाडीखाली सरकून पाहिलं तर नटबोल्टना लाल पावडर लागलेली. तेव्हापासून समुद्र बघायला जायचा, झोपायला नाही.

जागा शोधताना आम्हा दोघांचं रोज एकच भांडण होतं. ह्यांना ऊन हवं असतं आणि मला सावली. टपावर सोलरचे दोन पॅनेल आहेत, खाली बॅटरी. फ्रीज, पंखे, दिवे, फोन सगळं त्यावर. ऊन नाही तर रात्री पंखा नाही. पण उन्हात उभी केली तर दुपारी पत्र्याचा डबा असा तापतो की आत पापड भाजावा. मार्च ते मे तर विचारूच नका. तडजोड अशी की आंब्याच्या किंवा चिंचेच्या पूर्वेला गाडी लावायची, म्हणजे सकाळचं ऊन पॅनेलवर आणि दुपारनंतर आम्ही सावलीत. माडाखाली कधीही नाही. नारळ पडतो तेव्हा कुणाला विचारून पडत नाही, आणि झावळी पडली तरी पॅनेलचा चुरा. फणसाखाली एकदा लावली होती, तो किस्सा ह्यांच्यासमोर काढायचा नाही असं ठरलंय.

मग जमीन. ओट्यावर स्टीलच्या ताटलीत थोडं पाणी ओतून मी बघते. पाणी एका बाजूला गेलं की चाकाखाली लाकडाची फळी. उतारावर झोपलं की रात्रभर डोकं जड होतं आणि बेसिनचं पाणी उलट्या दिशेला जाऊन साचतं. शिवाय गाडी वीस फूट लांब आणि पॅनेल धरून साडेनऊ फूट उंच. गावातल्या रस्त्यांवर दोन्हीकडे जांभ्याचे गडगे, वर लोंबणाऱ्या तारा. डॅशबोर्डवर खडूनं ‘साडेनऊ’ लिहून ठेवलंय, तरी मी पुढे चालत जाऊन वर बघते आणि हे मागून रांगत येतात. गावातली मुलं माझ्या मागून चालतात. मिरवणूकच.

एकदा चुकलो. पेडण्याकडे एका खाडीच्या काठाला सुंदर सपाट जागा होती, गवत, पाणी वीस पावलांवर. माणूस दिसत नव्हता, म्हणून विचारलं नाही. रात्री दीडच्या सुमारास पत्र्यावर थाप पडली. छातीत धस्स झालं. बाहेर एक म्हातारा, खांद्यावर जाळं, हातात बॅटरी. म्हणाला, ‘गाडी काडात. आज उमास. उदक हांगासर येतलें.’ आणि त्यानं बॅटरीचा झोत मागच्या चाकांकडे नेला. गवतात पाणी चमकत होतं. अमावास्येचं उधाण! शाळेत पंचवीस वर्षं भरती-ओहोटी शिकवलेली मी, आणि कॅलेंडरकडे बघितलं नव्हतं. चाक एकदा जागच्या जागी फिरलं, तेव्हा म्हाताऱ्यानं न बोलता स्वतःचं पोतं चाकाखाली सारलं. वर आलो तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, ‘सांजे विचारूंक जायना आशिल्लें?’ म्हणजे संध्याकाळीच विचारता आलं नसतं का?

त्या रात्रीनंतर एक नेम केला. अंधार पडायच्या तासभर आधी थांबायचं, आणि माणूस भेटल्याशिवाय गाडी बंद करायची नाही. ज्याचं कुंपण दिसेल त्याच्या दारात जायचं. गंमत म्हणजे आमची गाडी बघून पहिलं वाक्य बहुतेक वेळा इंग्रजीत येतं. हरमल, हणजुणेकडच्या लोकांना अशा गाड्या नव्या नाहीत. साठ-सत्तरच्या दशकात युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून बसगाड्या आणि व्हॅन घेऊन हिप्पी इथवर यायचे. 1979 मध्ये इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या आणि तो रस्ता बंद पडला. तरी आगोंदसारख्या ठिकाणी अजून परदेशी नंबरप्लेटचे ट्रक दिसतात. त्यामुळे आतून नऊवारीतल्या सासूबाईंसारखी दिसणारी मी उतरले की लोक गडबडतात. मी मराठीत सुरू केलं की प्रश्न बदलतात. गाव कुठलं, माहेर कुठलं, आणि मग हमखास, ‘तुमचो कुळदेव खंयचो?’

कुळदेव फोंड्याकडचा आहे हे कळलं की खुर्ची येते, पाणी येतं. कधी तर आमच्यासाठी भाऊबंदही शोधून काढतात. अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंड्याकडच्याच, एका देवस्थानाच्या आवारात आम्ही आठवडाभर होतो. तिथल्या एका आजोबांना मी नेहमीसारखं अवघडून म्हटलं, घर असून असं फिरतोय, लोक हसतात. ते हसले. ‘देव लेगीत घर सोडून आयलो,’ म्हणाले. म्हणजे देवसुद्धा घर सोडून आला. खरंच आहे. 1560 मध्ये पोर्तुगीजांच्या भीतीनं मंगेश कुशस्थळीहून झुआरी ओलांडून प्रियोळला आणला गेला. शांतादुर्गाही केळशीहून कवळ्याला आली. आजोबांच्या बोलण्यात ते काल-परवा घडल्यासारखं होतं. जत्रेच्या दोन दिवस आधी मात्र त्यांनीच सांगितलं, आता गाडी हलवा, इथे खाजं, म्हणजे जत्रेतली मिठाई, विकणाऱ्यांच्या पाटांना जागा लागेल. आम्ही मागच्या माळावर गेलो आणि रात्री चालत येऊन नाटक बघितलं. खाज्याचा पुडा गाडीत ठेवला, तर मुंग्या लागल्या.

पाण्याचं विचारतात. टाकी शंभर लिटरची, दोघांना काटकसरीनं तीन दिवस. पोदेरला, म्हणजे पाववाल्याला, सकाळी विचारलं तर तो उंडे देतादेता कुठल्या विहिरीला मे महिन्यातही पाणी असतं ते सांगतो. त्याच्यासारखी माहिती पंचायतीतही मिळायची नाही. संडासाचंही विचारतात, फक्त जरा आवाज खाली आणून. गाडीत काढता येणारा डबा आहे. तो सुलभमध्ये किंवा ओळखीच्या घरच्या टाकीत, परवानगीनं, रिकामा करायचा. नाही, शेतात नाही. ह्या कामाची पाळी लावलेली आहे, आणि पत्त्यांच्या डावात हरणारा ती घेतो.

पावसाळ्यात प्रश्नाचं उत्तर वेगळं असतं. गोव्यात जून ते सप्टेंबर 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शेताच्या, खाजणाच्या कडेला चाक रुततं, झाडाखाली फांदीची भीती, आणि पॅनेल दिवसचे दिवस ढगाखाली. तेव्हा जांभ्याच्या सड्यावर एका ओळखीच्या बागायतदाराच्या काजूगोदामाच्या पत्र्याखाली गाडी उभी असते. वीज त्याच्याकडून घेतो, महिन्याचे पैसे देतो. पहिल्या पावसात गादीच्या खालच्या बाजूला हिरवी बुरशी आली. आता गादीखाली लाकडाच्या पट्ट्यांची जाळी आहे, तरी माझ्या दोन चांगल्या साड्या गेल्याच. ते चार महिने मला फिरणं आवडत नाही असं मी कबूल करते. ह्यांना आवडतं. पत्र्यावरचा पाऊस ऐकत ते रेडिओ दुरुस्त करतात, जो बिघडलेलाच नसतो.

बहिणीला मात्र यातलं काहीही पटत नाही. तिला नाव हवं असतं, गावाचं, घराचं, फोनवर लिहून घेता येईल असं. म्हणून आता रोज संध्याकाळी मी तिला ज्याच्या आवारात गाडी आहे त्याचं नाव आणि त्याच्या बायकोनं काय दिलं ते कळवते. आज कोकमाची सोलं आणि दोन पपनस. आज चिंचेच्या झाडाच्या पूर्वेला आहोत, आणि हे बाहेर उभे राहून म्हणतायत की गाडी अजून दोन हात पुढे हवी.